भीतीस तोंड देण्याची विद्या

मराठी भाषा भीतीच्या बाबतीत दरिद्री नाही. भय, धाक, धास्ती, धसका, हुरहुर, घोर, धाकधूक असे निरनिराळ्या छटांचे शब्द आपल्या नित्याच्या बोलण्यात आहेत. धाक असतो तो वडिलांचा, धसका बसतो तो अपघाताचा, घोर लागतो तो मुलीच्या लग्नाचा आणि धाकधूक होते ती निकालाच्या आदल्या रात्री. चिंता आणि चिता यांत एका अनुस्वाराचेच अंतर, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु यांपैकी एखादी अवस्था मर्यादेबाहेर गेली, माणसाचे घराबाहेर पडणे, चारचौघांत बोलणे किंवा रात्रीची झोप हिरावून घेऊ लागली, म्हणजे तिच्यावर उपाय काय असे विचारताच भाषेचे हे वैभव एकाएकी आटते. ‘मनावर घेऊ नकोस’, ‘जरा विश्रांती घे’ आणि ‘भीती वाटते ना, मग जाऊ नकोस’ या तीन वाक्यांपलीकडे आपला सल्ला बहुधा जात नाही.

या सल्ल्यांची थट्टा करावी असा आमचा हेतू नाही. ते मायेपोटी दिले जातात. आणि विशेष हे की, ते केवळ आपल्याच घरांतले नव्हेत. युरोप-अमेरिकेतील नामांकित वैद्यांनी हेच सल्ले शास्त्राच्या भारदस्त भाषेत दिले, आणि त्यांतील कोणता किती टिकतो हे पारखण्यास तेथील विद्वानांना शंभरांहून अधिक वर्षे लागली. भयचिकित्सेचा इतिहास हा पुष्कळ अंशी या तीन सल्ल्यांच्या परीक्षेचाच इतिहास होय, असे आम्हांस वाटते.

आरंभ १८७१ सालापासून करणे सोयीचे आहे. त्या वर्षी बर्लिनचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी तीन पुरुषांची हकीकत प्रसिद्ध केली. हे तिघे बुद्धीने शाबूत होते; परंतु मोकळा चौक ओलांडताना किंवा निर्मनुष्य रस्त्याने जाताना त्यांना असह्य भीती वाटे, आणि ती कशाची हे त्यांचे त्यांनाही सांगता येत नसे. वेस्टफाल यांनी या विकारास ‘ॲगोराफोबिया’ हे नाव दिले. ‘ॲगोरा’ म्हणजे ग्रीक नगरातील बाजाराचा चौक. या हकीकतीतील एका बारीक तपशिलाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. सोबतीला कोणी असले, जवळून एखादी गाडी जात असली, किंबहुना हातात नुसती काठी असली, तरी भीती सौम्य होई. काठीमुळे चौक लहान होत नाही. मग ती काठी नेमके काय करीत होती? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास पुढे एकशेवीस वर्षे लागावयाची होती.

त्या काळी वैद्यांचे लक्ष काठीकडे नव्हते, ते मज्जातंतूंकडे होते. न्यूयॉर्कचे जॉर्ज बियर्ड यांनी १८६९ मध्ये मज्जातंतूंच्या दुर्बलतेची कल्पना मांडली. आधुनिक जीवनाच्या धकाधकीने माणसाच्या शक्तीचा साठा संपतो आणि त्यातून भीती, थकवा, निद्रानाश उद्भवतात, असे त्यांचे म्हणणे होते. साठा संपला असेल तर तो भरून काढणे हा उपाय ओघानेच आला. फिलाडेल्फियाचे डॉ. वेअर मिचेल यांनी ‘विश्रांती उपचार’ रूढ केला. रुग्णास, विशेषतः स्त्रीस, आठवडेच्या आठवडे अंथरुणावर निजवून ठेवावयाचे, आप्तेष्टांपासून दूर ठेवावयाचे, भरपूर दूध पाजावयाचे आणि वाचनलेखन बंद करावयाचे, असा तो प्रकार होता. अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांनी १८८७ साली हा उपचार स्वतः भोगला. आपण वेडाच्या सीमेपर्यंत जाऊन आलो, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. त्यांची १८९२ सालची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा याच अनुभवातून निर्माण झाली. एका वैद्यकीय सल्ल्याची इतकी मर्मभेदी चिकित्सा एखाद्या कथेने करावी, हे साहित्याच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ‘विश्रांती घे’ हा सल्ला अतिरेकास नेला म्हणजे रुग्णाचे जग पलंगाएवढे उरते, हे त्या कथेने प्रयोगशाळेच्या आधीच दाखवून दिले होते.

सिग्मुंड फ्रॉइड यांनी १८९५ साली मज्जातंतूंच्या दुर्बलतेच्या त्या ढगळ कल्पनेतून चिंताविकार वेगळा काढला. छातीची धडधड, श्वास कोंडणे, दरदरून घाम फुटणे, सतत काहीतरी अशुभ घडणार असे वाटणे, हे त्यांचे लक्षणवर्णन आजही वाचकास ओळखीचे वाटेल. कारणांविषयीची त्यांची मते मात्र पुढे बदलत गेली; १९२६ मध्ये त्यांनी चिंता ही मनाने स्वतःस दिलेली धोक्याची सूचना होय, अशी नवी मांडणी केली. मनोविश्लेषणाचा सर्व भर भीतीचे मूळ शोधण्यावर होता. मूळ सापडले की भीती गळून पडेल, ही त्यामागील श्रद्धा होती. तथापि, १९१८ च्या सप्टेंबरात बुडापेस्ट येथे भरलेल्या परिषदेत खुद्द फ्रॉइड यांनी एक कबुली दिली. भयगंडाचा रुग्ण केवळ विश्लेषणाने आपली भीती टाकील अशी वाट पाहत बसलो तर यश येणार नाही. मोकळ्या रस्त्याची भीती बाळगणाऱ्यास केव्हातरी रस्त्यावर जावयास आणि तेथे त्या भीतीशी झगडावयास प्रवृत्त करावेच लागते, असा तिचा आशय होता. पंथाच्या आचार्याने इतके स्पष्ट बोलावे आणि अनुयायांनी ते सूत्र धरून पुढे जाऊ नये, हे या इतिहासातील एक नवल आहे.

ते सूत्र सापडले ते निराळ्याच ठिकाणी, एका लहान मुलाच्या खोलीत. त्याआधी १९२० मध्ये अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी अल्बर्ट या टोपणनावाच्या अकरा महिन्यांच्या बालकावर एक प्रयोग केला. त्यास पांढरा उंदीर दाखवावयाचा आणि तो हात पुढे करताच मागे लोखंडी कांबीवर हातोडा आपटावयाचा, असे काही वेळा केल्यावर ते बालक नुसता उंदीर पाहून रडू लागले. भीती शिकविता येते, हे सिद्ध झाले. परंतु ती उतरविण्याआधीच मूल रुग्णालयातून निघून गेले. विद्येच्या नावाखाली एका अजाण जीवास भय देऊन सोडून द्यावे, हे आज कोणत्याही नीतीत बसणार नाही.

जे उतरवावयाचे राहिले ते कार्य मेरी कव्हर जोन्स या तरुण विदुषीने अंगावर घेतले. न्यूयॉर्कमधील एका बालसंस्थेत पीटर नावाने ओळखला जाणारा, तीन वर्षांस दोन महिने कमी असलेला एक मुलगा होता. त्यास कोणी शिकविले नसताही पांढरा उंदीर, ससा, केसाळ कोट, पिसे आणि कापूसदेखील पाहून तो भेदरत असे. जोन्सबाईंनी सशाची निवड केली. प्रथम ससा न भिणाऱ्या तीन मुलांच्या संगतीत पीटरला खेळू दिले. पिंजऱ्यातला ससा खोलीत कोठेही असला तरी रडणारे मूल तो बारा फुटांवर सहन करू लागले, मग चार फुटांवर, मग अगदी शेजारी. इतक्यात पीटरला तापाने ग्रासले आणि तो सुमारे दोन महिने रुग्णालयात राहिला. परतताना एक मोठा कुत्रा त्याच्यावर धावून आला आणि सारी प्रगती धुऊन निघाली. तेव्हा जोन्सबाईंनी दुसरा मार्ग काढला. पीटरला उंच खुर्चीत बसवून त्याच्या आवडीचा खाऊ द्यावयाचा आणि तो खात असता पिंजरा दूरवरून, त्याच्या कलाने, थोडा थोडा पुढे सरकवावयाचा. अखेरीस तो सशास कुरवाळू लागला, त्यास आपली बोटे चाटू-कुरतडू देऊ लागला. कापूस, कोट आणि पिसे यांची भीतीही मागोमाग गेली.

ही हकीकत १९२४ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात जोन्सबाईंनी ७० मुलांच्या निरीक्षणावरून भीती घालविण्याच्या अनेक रीतींची तुलना केली. तिचा निष्कर्ष आजच्या प्रत्येक आईबापाने वाचावा असा आहे. भीतीची वस्तू नजरेआड ठेवून भीती आपोआप विरत नाही. समजुतीच्या नुसत्या गोष्टी सांगून ती जात नाही. इतर मुलांकडून थट्टा करविली तर उलट बळावण्याचा संभव असतो. निःसंशय यश आले ते दोनच रीतींना: आवडत्या गोष्टीच्या जोडीने भीतीच्या वस्तूची हळूहळू ओळख करून देणे आणि न भिणाऱ्या मुलांच्या संगतीत तिला सामोरे जाऊ देणे. आरंभी सांगितलेल्या तीन सल्ल्यांपैकी ‘मनावर घेऊ नकोस’ आणि ‘जाऊ नकोस’ हे दोन अशा रीतीने १९२४ मध्येच नापास झाले होते. परंतु हा निकाल वाचला कोणी? सुमारे पाव शतक तो तसाच पडून राहिला. पुढे जोन्सबाईंना वर्तनोपचाराची जननी म्हणण्यात आले. तो मान त्यांना उतारवयात मिळाला.

निकाल वाचणारा माणूस दक्षिण आफ्रिकेत निघाला. जोसेफ वोल्पे हे दुसऱ्या महायुद्धात लष्करी डॉक्टर होते. युद्धाच्या धसक्याने खचलेल्या सैनिकांना गुंगीचे औषध देऊन बोलते करण्याची रीत त्यांनी वापरून पाहिली आणि ती पुरी पडत नाही असे त्यांच्या अनुभवास आले. युद्धानंतर जोहान्सबर्गच्या विद्यापीठात त्यांनी मांजरांवर प्रयोग केले. विजेचे झटके बसलेल्या पिंजऱ्यात मांजर उपाशी असूनही अन्नास तोंड लावीत नसे. मग त्या खोलीशी थोडेसेच साम्य असलेल्या खोलीत त्यास खाऊ घालावयाचे, आणि क्रमाक्रमाने मूळ पिंजऱ्यापर्यंत न्यावयाचे. पीटरचाच धडा हा. माणसांच्या बाबतीत खाऊच्या जागी वोल्पे यांनी शिथिलता योजली. शिकागोचे एडमंड जेकबसन यांनी एकेक स्नायू आवळून सैल सोडण्याची पद्धत १९२९ च्या ग्रंथात सविस्तर दिली होती. रुग्णाने आपल्या भीतींची चढती यादी करावयाची, अंग सैल सोडावयाचे आणि सर्वांत सौम्य प्रसंगापासून एकेक प्रसंग मनासमोर आणावयाचा, अशी ही क्रमवार भयशमनाची पद्धत वोल्पे यांच्या १९५८ च्या ग्रंथाने जगभर पोहोचविली. ‘विश्रांती घे’ या सल्ल्यातील सत्यांश असा नव्या रूपाने परत आला. मात्र आता विश्रांती ही भीतीपासून लपण्याची जागा नव्हती, तिच्याकडे चालत जाताना घेतलेली शिदोरी होती.

वोल्पे यांनी आपल्या सुमारे ९० टक्के रुग्णांना गुण आल्याचे सांगितले. परंतु ‘गुण येतो’ असे कोणता वैद्य सांगत नाही? लंडनचे हान्स आयझेंक यांनी १९५२ मध्येच हा प्रश्न अत्यंत कडवटपणे विचारला होता. उपचार करा अथवा न करा, अशा विकारांचे दोनतृतीयांश रुग्ण दोन वर्षांत बरेच सुधारतात. मग मानसोपचाराने अधिक काय होते, हा त्यांचा सवाल होता. त्यांच्या आकडेमोडीवर पुढे रास्त आक्षेप घेण्यात आले आणि १९७७ साली मेरी स्मिथ व जीन ग्लास यांनी ३७५ अभ्यासांचा एकत्र हिशेब करून मानसोपचार उपयोगी पडतात असे दाखविले. तरीही आयझेंक यांचा सवाल उपकारक ठरला असेच आम्ही म्हणू. कारण त्यामुळे तुलनेचे प्रयोग सुरू झाले. गॉर्डन पॉल यांनी १९६६ मध्ये सभेत बोलण्यास भिणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांचे गट केले: एकास भयशमन, दुसऱ्यास भीतीच्या कारणांची उकल, तिसऱ्यास औषधाचा नुसता देखावा आणि लक्ष, आणि चौथ्यास काहीच नाही. प्रत्येकी अवघ्या पाच भेटी झाल्या. उपचार करणारे स्वतः कारणांची उकल करण्याच्या परंपरेतले होते. तरी सर्वांत अधिक लाभ झाला तो भयशमनाच्या गटास.

यानंतरची पायरी अधिक धीट होती. ज्यास मराठीत ‘मंत्रचळ’ असा जुना आणि नेमका शब्द आहे, त्या विकाराच्या दोन रुग्णांवर लंडनचे व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये केलेले उपचार प्रसिद्ध आहेत. ज्याची शिसारी वाटते त्यास हात लावावयाचा आणि नंतर हात धुवावयाचे नाहीत, असे त्यांचे स्वरूप होते. आयझॅक मार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉड्स्ली रुग्णालयात दाखवून दिले की, शिथिलता किंवा कल्पनाचित्रे नसली तरी चालते. रुग्ण प्रत्यक्ष प्रसंगात पुरेसा वेळ थांबला म्हणजे भीती चढते, शिगेस पोहोचते आणि ओसरते. हे काम शिकविलेल्या परिचारिकाही उत्तम करू शकतात, हेही १९७० च्या दशकात तेथेच सिद्ध झाले. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. क्लेअर वीक्स यांनी स्वतः हे दुखणे सोसले होते. त्यांनी १९६२ मध्ये सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात, भीतीशी कुस्ती न खेळता तिला सामोरे जावे, ती अंगावरून वाहू द्यावी आणि काळास आपले काम करू द्यावे, असे सांगितले. विद्वानांनी त्या पुस्तकाची फारशी दखल घेतली नाही. पीडितांनी मात्र घेतली.

आता पहिल्या सल्ल्याकडे वळू. ‘मनावर घेऊ नकोस’ म्हटल्याने भीती जात नाही, हे खरे. परंतु माणूस प्रसंगाचा जो अर्थ लावतो त्याचा भीतीशी संबंध नाही, असे म्हणता येईल काय? न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तेव्हा त्यांनी ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याचे ऋण मान्य केले: दुःख घटनेचे नसते, घटनेविषयीच्या समजुतीचे असते. तथापि, एलिस हे नुसते तत्त्वचिंतक नव्हते. एकोणीस वर्षांचे असताना स्त्रियांशी बोलण्याची भीती मोडावी म्हणून ते एका उद्यानात जाऊन बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी महिनाभर बोलत राहिले. नकार पुष्कळ मिळाले, परंतु आकाश कोसळले नाही, असे ते सांगत. फिलाडेल्फियाचे ॲरन बेक हे मनोविश्लेषणाच्या मुशीतून आलेले. रुग्णांच्या मनात बोलण्याच्या आडून विजेसारखे चमकून जाणारे विचार त्यांनी टिपले आणि ते विचार पुराव्यावर घासून पाहण्यास रुग्णांना शिकविले. समजुतीची ही तपासणी आणि प्रत्यक्ष सामोरे जाणे यांच्या संगमातून आजचा बोधनिक वर्तनोपचार सिद्ध झाला.

इंग्लंडचे डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये भीतीच्या एकाएकी येणाऱ्या झटक्याची उकल अशी केली: छाती धडधडते, माणूस तो हृदयविकार समजतो, त्या समजुतीने आणखी भितो आणि छाती आणखी धडधडते. यावर उपाय म्हणून रुग्णास मुद्दाम जोराने श्वास घ्यावयास लावतात. तीच लक्षणे उत्पन्न होतात आणि हृदय बंद पडत नाही, हे तो स्वतः अनुभवतो. मग असे शंभर झटके येऊन गेले तरी त्याची समजूत आधीच का सुटत नाही? पॉल सॅल्कोव्हस्किस यांनी १९९१ मध्ये याचे उत्तर दिले. रुग्ण प्रत्येक वेळी काहीतरी आधार धरतो: भिंतीस टेकतो, खाली बसतो, सोबत शोधतो. आणि पुढे त्यास वाटते की, आपण वाचलो ते त्या आधाराने. वेस्टफाल यांच्या रुग्णाच्या हातातील काठीचे रहस्य ते हेच. काठी भीती कमी करीत होती आणि त्याच वेळी ती जिवंत ठेवीत होती.

या घडामोडींत आपल्याकडील लोकांचाही वाटा आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. वाहिया यांनी डॉ. विनेकर आणि डॉ. डुंगाजी यांच्यासह १९६६ मध्ये ब्रिटिश मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात पतंजलीच्या कल्पनांवर आधारलेल्या उपचारांविषयी लिहिले. यांपैकी विनेकर हे लोणावळ्याच्या स्वामी कुवलयानंदांचे ग्रंथसहलेखक होत. पुढील काळात वाहिया यांच्या गटाने एका रुग्णगटास आसन-प्राणायामापासून ध्यानापर्यंतची संपूर्ण साधना आणि दुसऱ्यास वरवर तशीच दिसणारी परंतु एकाग्रतारहित हालचाल देऊन तुलना केली. पहिल्या गटास अधिक लाभ झाल्याचे त्यांना आढळले. परंपरेचा अभिमान बाळगणे सोपे आहे. तिला अशी कसोटी लावणे अधिक कठीण आणि अधिक आदराचे. एलिस यांची पद्धती मराठी वाचकांपर्यंत पोहोचविण्याचे श्रेय कि. मो. फडके यांना द्यावे लागेल.

या विद्येच्या मर्यादाही सांगितल्याच पाहिजेत. भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी एक नवी शिकवण उभी राहते, असे आजचे संशोधन मानते. म्हणूनच पीटरवर धावून आलेल्या कुत्र्यासारखा प्रसंग तिला परत जागवू शकतो आणि निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या वेळी उजळणी करावी लागते. काही रुग्णांना औषधांची गरज असते, काहींना या उपचारांनी पुरेसा गुण येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कर्ज, मारहाण, बेकारी यांची भीती हा भ्रम नव्हे. अशा माणसास ‘तुझा विचार चुकतो’ असे सांगणे हा उपचार नसून अन्याय होय.

शेवटी एक गोष्ट आमच्या क्षेत्रातली. हे सारे उपचार शब्दांनी चालतात. भीतीची चढती यादी रुग्णाने स्वतःच्या भाषेत करावयाची असते. बेळगाव, इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी घरातील वृद्धा ‘जीव घाबरा होतो’, ‘काळजात चर्र होते’, ‘धसका घेतला’ असे म्हणते, तेव्हा त्या तीन वाक्यांत तीन निरनिराळ्या अवस्था असतात. ‘चिंता’ हा एकच पुस्तकी शब्द त्या तिन्हींवर चिकटवला तर उपचाराची पहिलीच पायरी निसटते. या शब्दांचा नीट संग्रह करून त्यांच्या छटा नोंदविणे हे आपल्या संस्थांना सहज करता येण्याजोगे काम आहे.

आणि घरापुरते बोलावयाचे तर तिन्ही सल्ले टाकून देण्याची गरज नाही, ते थोडे दुरुस्त करावयाचे आहेत. ‘मनावर घेऊ नकोस’ याऐवजी ‘मनात काय येते ते सांग, आपण पडताळून पाहू’, ‘विश्रांती घे’ याऐवजी ‘दम खा, मग निघू’, आणि ‘जाऊ नकोस’ याऐवजी ‘आज कोपऱ्यापर्यंत जाऊ, मी बरोबर येतो, उद्या तू एकटा जा’. या शेवटच्या वाक्यातील ‘उद्या’ विसरता कामा नये, नाहीतर आपणच त्याच्या हातातील काठी होऊन बसू.